ऱ्हीसस माकड आणि लोकमत

उत्तर भारतात देवळांच्या आवारांत, रेल्वेच्या फलाटांवर आणि गावोगावच्या बाजारांत जे लाल तोंडाचे, आखूड शेपटीचे धीट माकड आढळते, त्यास प्राणिशास्त्रात ऱ्हीसस असे नाव आहे. मराठी भाषा वानर आणि माकड यांत भेद करते. काळ्या तोंडाचा व लांब शेपटीचा तो वानर, आणि लाल तोंडाचे ते माकड. सह्याद्रीच्या घाटांत प्रवाशांच्या हातचे खाणे हिसकावून घेणारे माकड मात्र ऱ्हीससचे चुलत भावंड होय. त्याची शेपटी लांब असते. ऱ्हीससची वस्ती मुख्यतः पश्चिमेकडे तापीच्या व पूर्वेकडे गोदावरीच्या उत्तरेस आहे. गरोदर स्त्रीच्या रक्ततपासणीच्या कागदावर ‘आर-एच’ अशी जी दोन अक्षरे लिहिलेली असतात ती याच माकडाच्या नावातील आद्याक्षरे आहेत. १९४० साली लांडस्टायनर आणि वीनर या शास्त्रज्ञांनी ऱ्हीससच्या रक्तावर केलेल्या प्रयोगांतून त्या नावाचा जन्म झाला. ज्या घरात माकडाचे नाव निघाले तरी हसू येते, त्या घराच्या कपाटातही त्याची ही खूण जपून ठेवलेली असते.

औषधांच्या शोधासाठी प्राण्यांचा उपयोग करावा की करू नये, हा वाद बहुधा दोन टोकांवरून चालतो. माणसाचे प्राण वाचावयाचे तर प्राण्यांचे जाणारच, असे एक पक्ष म्हणतो. मुक्या जिवाला यातना देण्याचा अधिकार कोणासही नाही, असे दुसरा म्हणतो. सामान्य गृहस्थ या दोहोंपैकी कोणत्याच टोकाला उभा नसतो. तो विचारतो, कशासाठी? आणि उत्तर मिळाल्यावर ते खरे आहे की नाही हे पाहावयास त्याला सवड नसली, तरी ते खोटे ठरल्यास तो विसरत नाही. भारतातून परदेशी गेलेल्या ऱ्हीसस माकडांचा इतिहास हा या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ बालपक्षाघातापासून, म्हणजे आज ज्याला सर्वजण पोलिओ म्हणतात त्या रोगापासून होतो. १९०८ साली व्हिएन्नात लांडस्टायनर व पॉपर यांनी या रोगाने मृत्यू पावलेल्या एका मुलाच्या पृष्ठरज्जूचा अंश माकडांना टोचला आणि त्यांच्यात तोच रोग उत्पन्न करून दाखविला. उंदीर, ससे, गिनीपिग यांना तो अशा रीतीने होत नसे. त्यामुळे पुढील चाळीस वर्षे पोलिओचा अभ्यास म्हणजे माकडांचा खर्च असेच समीकरण झाले. १९४९ साली एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी मज्जातंतूंखेरीज इतर पेशींतही हा विषाणू काचेच्या नळीत वाढू शकतो असे सिद्ध केले. या शोधामुळे माकडाची सुटका व्हावयास हवी होती; पण झाले उलटच. विषाणू वाढविण्यास माकडाच्या मूत्रपिंडातील पेशी फार सोयीच्या पडतात असे आढळले, आणि साल्क यांची लस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागताच ऱ्हीससची मागणी पूर्वीपेक्षा किती तरी पटींनी वाढली.

ही माकडे येत होती भारतातून, विशेषतः उत्तर प्रदेशाच्या खेड्यांतून. जाळ्यात धरलेली माकडे पिंजऱ्यांत कोंबून आधी शहरांत आणि तेथून विमानाने लंडनमार्गे अमेरिकेस जात. १९५५ च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर एका बंद मोटारगाडीत सुमारे चारशे माकडे गुदमरून मेली. ही वार्ता पसरताच भारतात संताप उसळला आणि मार्च महिन्यात सरकारने निर्यात थांबविली. त्याच वर्षी १२ एप्रिल रोजी साल्क यांची लस गुणकारी असल्याचे अमेरिकेत जाहीर झाले. एकीकडे आपल्या मुलांना अपंगत्वापासून वाचविण्यासाठी आतुर झालेले आईबाप, आणि दुसरीकडे हनुमंताच्या देवळापुढील माकडाचा मृतदेह परक्या विमानतळावर पडलेला पाहून व्यथित झालेले लोक, असा तो प्रसंग होता. यांपैकी कोणालाही निर्दय म्हणता येत नाही, हे ध्यानात घेतल्यावाचून या विषयाची अडचण कळणार नाही.

तडजोड झाली. माकडे केवळ लस तयार करण्यास व वैद्यकीय संशोधनास वापरली जातील, अणुस्फोटाच्या प्रयोगांत वापरली जाणार नाहीत, असे आश्वासन अमेरिकेकडून मिळाले आणि निर्यात पुन्हा सुरू झाली. भारतीय लोकमताने, मनाविरुद्ध का होईना, ही अट मान्य केली. पोलिओ येथील मुलांनाही होत होता. शिवाय लसीच्या कसोटीत ढिलाई झाली तर काय होते, याचा दाखला त्याच एप्रिलात मिळाला. एका अमेरिकन कारखान्याच्या लसीत जिवंत विषाणू राहून गेला. त्यापायी सुमारे दोनशे जणांस पक्षाघात झाला आणि दहा दगावले. त्यानंतर लसीच्या परीक्षा अधिक कडक झाल्या. त्यांतही माकडेच होती.

या काळात एकेका वर्षात लाखाहून अधिक माकडे देशाबाहेर गेली. त्याचा परिणाम रानात दिसू लागला. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स साउथविक यांनी अलीगढच्या सहकाऱ्यांसह १९५९ पासून उत्तर प्रदेशातील माकडांची मोजदाद केली. पुष्कळ टोळ्यांत अर्धवट वाढलेल्या पिल्लांची संख्या विलक्षण कमी भरली, कारण प्रयोगशाळांना तशीच माकडे हवी असत आणि धरणारे तीच वेचून नेत. दयेचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी मुद्दल खाऊन टाकणारा हा व्यापार फार दिवस चालण्यासारखा नव्हता.

दरम्यान देशात कायदा झाला. राज्यसभेच्या सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्ध एक खासगी विधेयक मांडले. सरकारने तो विषय आपल्याकडे घेतला, आणि पुढे १९६० चा अधिनियम अस्तित्वात आला. नृत्यकलेसाठी प्रसिद्ध असलेल्या या विदुषींचे हे कार्य त्या मानाने फारसे आठवले जात नाही. त्या अधिनियमाने शास्त्रीय प्रयोग बेकायदा ठरविले नाहीत. प्राण वाचविण्यासाठी किंवा ज्ञान वाढविण्यासाठी केलेल्या प्रयोगांस मोकळीक ठेवली आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद केली. म्हणजे येथेही प्रश्न तोच होता. कृत्याइतकेच महत्त्व हेतूला दिलेले होते.

१९७७ साली हा हेतूच उघडा पडला. शर्ली मॅकग्रील या बाईंनी १९७३ साली वानरवर्गीय प्राण्यांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली होती. अमेरिकेच्या सैन्यदलांच्या किरणोत्सर्गविषयक संशोधनसंस्थेत ऱ्हीसस माकडांवर काय चालले आहे, याची माहिती या संस्थेने भारतीय वृत्तपत्रांपर्यंत पोहोचविली. माकडांना चाकात धावावयास शिकवून नंतर त्यांच्यावर प्रखर किरणांचा मारा करीत, आणि ती किती वेळ धावू शकतात हे मोजीत. न्यूट्रॉन बॉम्बच्या माऱ्यानंतर सैनिक किती वेळ लढू शकेल, याचा अंदाज त्यावरून बांधावयाचा होता. या प्रयोगांतून कोणा बालकाचा पाय वाचणार नव्हता. १९५५ चे वचन ज्या कामास स्पष्ट शब्दांत मनाई करीत होते, त्याच जातीचे हे काम होते.

त्या वेळी पंतप्रधानपदी मोरारजी देसाई होते. पूर्वी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून मराठी जनतेला त्यांच्या करारीपणाचा परिचय झालेलाच होता. तो सर्वांनाच सुखद वाटला असे नाही. ते गांधीमार्गी होते, आणि गांधीजींनी १९०९ सालीच ‘हिंद स्वराज्य’मध्ये जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांचा निषेध केला होता. देसाईंच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून ऱ्हीसस माकडांची निर्यात संपूर्णपणे बंद केली. शास्त्रज्ञांनी लसींची टंचाई होईल असा इशारा दिला, पण निर्णय फिरला नाही. त्यानंतर बांगलादेशाशी केलेला तशाच स्वरूपाचा करारही १९७९ च्या आरंभी मोडला.

या यशाचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. प्राण्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांविषयी शिकलेल्या कुटुंबांत मिश्र भावना असते. त्यांची तळमळ पटते, पण त्यांचा आवेश पटत नाही. लस टोचून घेणारा मनुष्य लसीच्या मुळाशी असलेल्या सर्वच प्रयोगांना पाप म्हणणाऱ्याच्या मागे फार दूर जात नाही, आणि प्रयोगशाळांत घुसून नासधूस करणाऱ्यांच्या मागे तर मुळीच जात नाही. १९७७ साली मात्र दिलेले वचन आणि होत असलेले काम ही दोन्ही शेजारी ठेवून दाखविण्यात आली. त्यापुढे आवेशाची गरजच उरली नाही. ज्यांना संशोधन हवे होते, अशा लोकांनाही बंदी योग्य वाटली. संशोधकांनी या प्रसंगाचे खापर भारतीयांच्या हनुमद्भक्तीवर फोडणे सोपे होते, परंतु तीच भक्ती वीस वर्षे निर्यात सहन करीत आली होती.

बंदीने माकडांचे दुःख नाहीसे झाले असे मात्र नाही. अमेरिकेने आपल्याच भूमीवर ऱ्हीससची पैदास वाढविली. दक्षिण कॅरोलिनाजवळील मॉर्गन बेटावर १९७९ पासून सोडलेल्या माकडांची वसाहत त्यांपैकीच. पुढे आग्नेय आशियातील लांब शेपटीच्या माकडांवर संकट आले, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे लोकमत तेवढे बलवान नव्हते. लसींचेही अडले नाही. १९६० साली ऱ्हीससच्या मूत्रपिंडात एसव्ही-४० नावाचा एक छुपा विषाणू सापडला होता. तेव्हापासून लस बनविणारे दुसऱ्या जातीच्या माकडांकडे आणि प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढविता येणाऱ्या पेशींकडे वळत होतेच. भारतातील नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. दोन थेंबांच्या त्या यशात उत्तर प्रदेशातील पकडल्या गेलेल्या माकडांचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

२०२० साली हा प्रश्न महाराष्ट्राच्या दाराशी आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिन लसीची परीक्षा करण्यासाठी तरुण ऱ्हीसस माकडे हवी होती, आणि देशातील संस्थांत तशी मिळेनात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे त्या वेळचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात याची हकिकत दिली आहे. टाळेबंदीमुळे माणसांकडून खाणे मिळेनासे झाल्याने माकडे वस्ती सोडून रानात पांगली होती. शोधाशोधीअंती ती नागपूरच्या बाजूस सापडली. वीस माकडे पुण्यास आली. पाच-पाचांचे चार गट झाले. तिघांना लसीचे निरनिराळे प्रकार दिले, चौथ्यास नुसतेच द्रावण. नंतर सर्वांना विषाणूचा संसर्ग करविण्यात आला. लस न मिळालेल्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनियाची चिन्हे दिसली, लस मिळालेल्यांत दिसली नाहीत. ही तपासणी मृत्यूनंतरच होऊ शकते, हे सांगावयास नकोच.

१९५५ किंवा १९७७ सारखी खळबळ या वेळी झाली नाही. घराघरांत प्राणवायूची नळकांडी शोधली जात असता ती होणेही कठीण होते. तरी एक शंका रास्तपणे काढता येते. माणसांवरील पहिल्या टप्प्याची चाचणी जुलैमध्येच सुरू झाली होती, आणि माकडांवरील निष्कर्ष जाहीर झाले सप्टेंबरात. तेव्हा या वीस जिवांनी नेमका कोणता निर्णय सुकर केला? घाई अपूर्व होती आणि पुढील टप्प्यांस त्या निष्कर्षांचा आधार मिळाला, असे उत्तर देता येईल. ते पुरेसे आहे की नाही, यावर सरळ मनाच्या दोन माणसांचे दुमत होऊ शकते.

२०२३ साली औषधचाचणीच्या नियमांत बदल होऊन मानवी पेशी व तत्सम साधनांवरील परीक्षांना प्राण्यांवरील परीक्षांच्या जागी मान्यता मिळाली. मात्र त्यांची सक्ती नाही. प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत आधी मंजुरी देणारी एक समिती असते, आणि माकडांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी मध्यवर्ती समितीचीही संमती लागते. संस्थेच्या समितीत शास्त्रज्ञ व पशुवैद्य यांच्या जोडीला शास्त्राशी संबंध नसलेला, पण समाजाची जाण असलेला एक सभासद असावा असा नियम आहे. ‘कशासाठी?’ हा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थाची खुर्ची तीच.