त्रिकास्थीतली पुटी : सापडली, पण दोषी तीच का?

बसलं की दुखतं, आडवं झालं की उतरतं. शिंक आली की कळ मांडीच्या मागून खाली जाते. अशा तक्रारीत पहिला संशय मणक्यांमधल्या गादीवर जातो आणि बहुतेकदा तो खराही ठरतो. पण गादी ठीक असूनही दुखणं हटत नसेल, तर आणखी खाली, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत पाहायला हवं.

१९३८ साली माँट्रियलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये शवविच्छेदन करताना आयझडोर टार्लोव्ह यांना त्रिकास्थीतल्या नसांच्या मुळांवर पाण्याने भरलेल्या पुटी आढळल्या. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव मुळाच्या आवरणात शिरतो आणि साठत जातो. पुटीच्या भिंतीतच मज्जातंतू असतात, त्यामुळे तिला साधी गाठ समजून सुई खुपसणं धोक्याचं.

एमआरआयच्या टी-टू चित्रात ती लख्ख पांढरी दिसते, कडा रेखीव. नसेचा ट्यूमर कॉन्ट्रास्ट दिल्यावर उजळतो, ही उजळत नाही. तरीही ती निसटते, कारण कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये आडवे छेद बहुधा गाद्यांपाशीच घेतात आणि त्रिकास्थीच्या तोंडाशी थांबतात. या पुटी मात्र सहसा दुसऱ्या-तिसऱ्या त्रिक मुळावर असतात. म्हणून संशय असेल तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर त्रिकास्थीचाही एमआरआय स्पष्ट लिहून द्यावा.

खरी कसोटी पुटी दिसल्यावर लागते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५०० एमआरआयच्या पाहणीत ४.६ टक्के लोकांत पुटी होत्या, पण त्यांचा त्रास होता जेमतेम १ टक्का लोकांना. म्हणजे रिपोर्टमध्ये पुटी आहे म्हणून लगेच ऑपरेशनकडे धावणं चूक, आणि ‘असते अनेकांना’ म्हणत दुखणाऱ्या माणसाला परत पाठवणं तितकंच चूक. दुखणं त्याच बाजूचं, त्याच मुळाच्या हद्दीतलं आहे का? बैठकीची जागा बधिर होते का, लघवी अडते का? सीटी स्कॅनमध्ये शेजारचं हाड झिजलेलं दिसतं का? एवढं जुळलं, तर त्या मुळाजवळ भुलीचं इंजेक्शन देऊन पाहतात. कळ काही तास थांबली, तर दुखण्याचं मूळ तिथंच असल्याचा संशय बळावतो.

लघवी अचानक अडली किंवा बैठकीची जागा बधिर पडली, तर मात्र तपासण्यांची तारीख मिळेपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावं.