राउटर मशीन आणि सुताराची बोटे

गिरगावच्या जुन्या चाळींतले लाकडी कठडे आणि चौकटींच्या नक्षीदार पट्ट्या एके काळी रंधा व पटाशीने घडल्या. आज तेच काम राउटर मशीन काही मिनिटांत करते. मात्र त्याचे बिट मिनिटाला १० हजार ते ३० हजार फेरे घेते. हात सटकला तर मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

सर्वांत मोठा धोका अरुंद पट्टीचा. ती धड पकडता येत नाही, थरथरते आणि बोटे बिटाजवळ जातात. म्हणून रुंद फळीच्या कडेला आधी नक्षी काढावी आणि मगच पट्टी कापून वेगळी करावी. फळी शिकंज्याने आवळावी, मशीन दोन्ही हातांनी धरावे. फळीची बाहेरची कड समोर असता मशीन डावीकडून उजवीकडे न्यावे; उलट नेल्यास ते झटका देऊन पळते. खोल नक्षी एका दमात न काढता थोडी थोडी काढावी. बिट बदलताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा. हातमोजे, सैल बाही व गळ्यातला गोफ टाळावा. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण हवेच.

दुसरा शत्रू म्हणजे भुसा. लाकडाच्या धुळीमुळे नाक व सायनसचा कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात स्पष्ट केले आहे. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क वापरावा. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल किंवा ती सतत चोंदत असेल, तर नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

बोट कापल्यास हळद, चुना किंवा चहापूड भरू नये. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरावा. बोट तुटलेच तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. परळच्या के. ई. एम.सारख्या, प्लास्टिक सर्जरीची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पोहोचावे. धनुर्वाताचे इंजेक्शनही विसरू नये.

सुताराचे पोट त्याच्या बोटांवर असते. दोन मिनिटे वाचवण्यासाठी ती पणाला लावू नयेत.