ट्यूब वीक झाली

उधव्यातलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान यंदा बंद झालं. 'फुकट न्या' म्हटलं तरी भंगारवाला पिक्चर ट्यूबना हात लावेना. त्यांच्या काचेत शिसं असतं. हे बघून जीव चडफडला, म्हणून हा मागोवा.

या ट्यूबचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे: तापलेला धातू इलेक्ट्रॉन सोडतो. यालाच उत्सर्जन म्हणतात. १९०१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रिचर्डसनने त्याचा नियम मांडला, १९२८ चं नोबेलही मिळवलं. पुढे त्याच तत्त्वावर चालणारे व्हॉल्व्हचे रेडिओ आले नि गेले. त्यांच्या आठवणी थोरांनी पुरेशा उगाळल्यात.

माझं दशक ऐंशीचं. उधवा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. १९८७ मध्ये रविवारी 'रामायण' लागलं की एका सेटपुढे अख्खा पाडा बसायचा. खटका दाबला की आधी आवाज, चित्र मागाहून, कारण ट्यूब तापायला वेळ लागायचा. ट्यूबच्या मानेत हीटर, त्यावर निकेलची चिमुकली टोपी, टोपीवर बेरियम-स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा पांढरा लेप: हीच कॅथोड. नुसतं टंगस्टन दोन हजार अंशांच्या वर तापवावं लागतं. लेपामुळे सात-आठशेत भागायचं. तेवढ्या उष्णतेने इलेक्ट्रॉन पकड सोडून सुटायचे आणि हजारो व्होल्ट त्यांना पडद्याकडे खेचायचे. तापमान जरा उतरलं तरी उत्सर्जन धाडकन घटतं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की चित्र आक्रसायचं, काळवंडायचं. लोक मात्र अँटेना फिरवत बसायचे.

लेप झिजला की मेकॅनिक म्हणायचा, "ट्यूब वीक झाली." मग बूस्टर, म्हणजे हीटरला ६.३ व्होल्टपेक्षा जास्त देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर. चित्र काही महिने झळझळीत, मग ट्यूब कायमची आडवी. एका दुकानदाराने आमच्याकडून बूस्टरचे पैसे घेतले आणि दिवाळीआधी नवा सेटही गळ्यात मारला. तो राग अजून आहे.

त्याहून मोठा राग शाळेवर. उत्सर्जनाची व्याख्या पाठ करून घेतली, पण चित्र उशिरा का येतं, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "परीक्षेत येत नाही." आज घरोघरी चपटे टीव्ही, त्यांत तापणारी कॅथोडच नाही. एक्स-रेच्या नळीत तंतू अजून तापतो, पण आवरणाआड. व्याख्या तेवढी पुस्तकात उरली.

मास्तरांनो, जुना सेट मिळाला तर सोडू नका. जाणत्या मेकॅनिककडून ट्यूब आधी डिस्चार्ज करून घ्या, बंद सेटही जबर झटका देतो. मान फोडू नका. काचेतूनच आतली रचना पोरांना दाखवा.