हा 'शैक' कोण?

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोन गोष्टींची चौकशी सुरू होते, कॉलेजची आणि लॅपटॉपची. लॅपटॉप येतो, भाईजान किंवा दुकानदार तो 'चालू करून' देतो, आणि आठ-पंधरा दिवसांत मुले आम्हाला शाळेत येऊन गाठतात. प्रश्न ठरलेला असतो, "सर, सी ड्राइव्हमध्ये यूजर्स म्हणून फोल्डर आहे. त्यात माझ्या नावाऐवजी 'शैक' लिहिलंय. हा शैक कोण? बदलता येईल का?"

शैक कोणी परका नाही, तो आपला शेखच आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवा विंडोज संगणक सुरू केला की वापरणाऱ्याच्या फोल्डरला नाव देण्यासाठी विंडोज त्या खात्याच्या ई-मेल पत्त्यातील पहिली पाच अक्षरे उचलते. रोमन लिपीत शेख लिहायला बहुतेकांना सहा अक्षरे लागतात. सहावे 'एच' गळते आणि उरतो शैक. मोहम्मदचे 'मोहाम' होते, फातिमाचे 'फातिम', इनामदारांचे 'इनाम्ड'. अब्दुलची मात्र बरोबर पाच अक्षरे भरतात, म्हणून अब्दुल रहमान, अब्दुल करीम आणि अब्दुल गनी हे तिघेही संगणकाच्या लेखी नुसते अब्दुल. ज्याला थोडीफार अरबी येते त्याला हे खटकतेच. अब्दुल म्हणजे 'चा बंदा'. कोणाचा, ते पुढच्या शब्दात असते आणि नेमका तोच शब्द कापला जातो.

त्यात आपल्याकडे ई-मेल पत्ता बहुधा स्वतःचा नसतो. कधीतरी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना सायबर कॅफेवाल्याने उघडून दिलेला, नाहीतर मोठ्या भावाचा. मग बहीण बारावीला असते आणि तिच्या लॅपटॉपमध्ये सगळीकडे भावाचे नाव. तिने ते बदलावेसे म्हटले तर तो हट्ट नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट. नाव दोन ठिकाणी असते. एक, संगणक सुरू होताना पडद्यावर दिसते ते. दुसरे, फोल्डरचे. पहिले म्हणजे दारावरची पाटी. कंट्रोल पॅनलमध्ये 'यूजर अकाउंट्स' उघडून ती दोन मिनिटांत बदलता येते (खाते मायक्रोसॉफ्टचे असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन). पाटीवर मराठीत लिहा, उर्दूत लिहा, काही बिघडत नाही. दुसरे नाव म्हणजे सातबारा. पाटी बदलल्याने सातबारा बदलत नाही, आणि मुलांची निराशा इथेच होते. पाटी बदलून ती फोल्डर बघतात, तर तिथे शैक बसलेलाच.

सातबारा बदलणे अवघड का? ज्यांनी राजपत्रात नाव बदलून घेतले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. राजपत्र हातात आले तरी आधार वेगळे, पॅन वेगळे, बँक वेगळी, शाळेचा दाखला तर त्याहून वेगळा. संगणकातही तसेच. विंडोजची एक मोठी नोंदवही असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. कोणत्या वापरकर्त्याचे घर कोणत्या फोल्डरात आहे याची अधिकृत नोंद त्या वहीत असते. शिवाय आपण वेळोवेळी घातलेले अनेक प्रोग्राम आपापल्या खिशात तोच पत्ता लिहून ठेवतात. फोल्डरचे नाव बदलले आणि वहीतले तसेच राहिले, तर विंडोज जुन्या पत्त्यावर जाते, घर सापडत नाही, आणि बहुधा ते आपल्याला एका तात्पुरत्या खोलीत बसवते. तिला 'टेम्पररी प्रोफाइल' म्हणतात. पडद्यावरचे चित्र बदललेले, डेस्कटॉप रिकामा, फोटो गायब. फोटो खरे तर गेलेले नसतात, नवे नाव दिलेल्या फोल्डरात सुखरूप असतात. पण त्या तात्पुरत्या खोलीत बसून जे काही कराल, ते साइन आउट होताच पुसले जाते.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरी हेच झाले. पदविकेच्या पहिल्या वर्षाचा मुलगा, हुशार, हात शिवशिवणारा. त्याने एक व्हिडिओ पाहून दुसऱ्या ॲडमिन खात्यातून फोल्डरचे नाव बदलले. नोंदवहीचा भाग त्या व्हिडिओत पुढे होता, तेवढा बघायचा राहिला. लॅपटॉप दोघा भावंडांत एक, खातेही एकच. रात्री त्याची आपा बसली. ती बीएड करते, दुसऱ्या दिवशी तिचा सराव पाठ होता. डेस्कटॉप रिकामा दिसला तेव्हा तिला वाटले भावाने साफसफाई केली असेल. कोपऱ्यात एक सूचना आली होती, ती तिने इतर शंभर सूचनांसारखी बंद केली. नऊ वाजल्यापासून साडेबारापर्यंत बसून तिने पाठ टाचण टाइप केले, डेस्कटॉपवर सेव्ह केले, लॅपटॉप बंद केला आणि झोपली. सकाळी टाचण नव्हते. सहावीच्या वर्गाचे ते टाचण तिने फज्रनंतर पुन्हा कागदावर लिहून काढले आणि वेळेवर शाळेत पोहोचली. भावाने त्या दिवशी घरात कोणाशी डोळे मिळवले नाहीत. आम्हाला बोलावणे आले ते संध्याकाळी. बाकी सगळे परत मिळाले. दुसऱ्या खात्यातून फोल्डरला जुने नाव दिले, नोंदवहीत जी गडबड झाली होती ती नीट केली, आणि जुना डेस्कटॉप जसाच्या तसा उभा राहिला. साडेतीन तासांचे ते टाचण तेवढे कुठेच नव्हते.

म्हणून कोणी विचारले की आम्ही सांगतो, जुन्या घराचे नाव बदलू नका, नव्या नावाचे घर बांधा आणि सामान हलवा. मायक्रोसॉफ्टची शिफारसही हीच आहे, नवे खाते करून त्यात फायली आणण्याची. वेळ जास्त लागतो, पण सामान हलवताना जुने घर शाबूत असते.

ते असे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात 'अदर यूजर्स', तिथे 'ॲड अकाउंट'. आता ते ई-मेल मागेल. इथेच थांबा. खाली बारीक अक्षरांत या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही अशा अर्थाची ओळ असते, ती निवडा. पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याची ओळ येते, ती निवडा. मग जे नाव टाइप कराल, तेच फोल्डरचे नाव होईल. ते रोमन लिपीत, लहान आणि सलग ठेवा, मध्ये मोकळी जागा सोडू नका. अब्दुल रहमान असेल तर जोडून 'अब्दुलरहमान' किंवा नुसते 'रहमान'. मोकळी जागा विंडोजला चालते, पण प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांची काही साधने तिथे अडखळतात. देवनागरी किंवा उर्दू नावाच्या फोल्डरवरही काही जुने प्रोग्राम रुसतात. लांब नावाचा आणखी एक तोटा आहे. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला साधारणपणे २६० अक्षरांची मर्यादा पडते आणि तुमचे नाव प्रत्येक पत्त्यात मोजले जाते. एक्सपीच्या काळात याच फोल्डरच्या वरचे नाव 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' असे लांबलचक होते. व्हिस्टापासून त्याचे 'यूजर्स' झाले ते बरेच झाले.

नव्या खात्याला 'ॲडमिनिस्ट्रेटर' करा आणि त्यात एकदा साइन इन करा. फोल्डर पहिल्या साइन इनच्या वेळी तयार होते, त्याआधी शोधले तर सापडणार नाही. मग जुन्या फोल्डरातून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, डेस्कटॉप आणि व्हिडिओज कॉपी करून नव्यात आणा. परवानगी नाही असे म्हणेल, 'कंटिन्यू' दाबा. अख्खे जुने फोल्डर उचलून नव्यावर ओतू नका, त्यात विंडोजच्या स्वतःच्या लपवलेल्या फायली असतात.

दोन ठिकाणी लोक फसतात. पहिले वनड्राइव्ह. पुष्कळ संगणकांवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे वनड्राइव्हच्या फोल्डरात गेलेले असतात, म्हणून नेहमीच्या जागी बघितले तर रिकामे दिसतात. ज्या फाइलवर ढगाचे चिन्ह आहे ती संगणकात नाहीच, ती आधी उतरवून घ्यावी लागते. दुसरे ब्राउझर. त्यात साठवलेले पासवर्ड फोल्डर कॉपी करून येत नाहीत, कारण ते त्या विंडोज खात्याच्या कुलपात असतात. सिंक चालू करा किंवा जुन्या खात्यात असतानाच ते बाहेर काढून घ्या.

सगळे आले असे वाटले तरी जुने खाते एक महिना तसेच ठेवा. परीक्षेचा अर्ज, कोणाच्या निकाहचे फोटो, काहीतरी मागाहून आठवतेच. नव्या खात्याला नंतर मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले तरी फोल्डरचे नाव बदलत नाही, ती काळजी नको.

ज्यांना फोल्डरच बदलायचे आहे, त्यांना आम्ही अडवत नाही, पण मोठ्या माणसाने शेजारी बसावे. आधी सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर. मग दुसरे ॲडमिन खाते, संगणक रीस्टार्ट, त्या दुसऱ्या खात्यातून फोल्डरचे नाव बदलणे, आणि लगेच, चहाला न उठता, रजिस्ट्रीत 'प्रोफाइललिस्ट' शोधून आपल्या खात्याच्या 'प्रोफाइलइमेजपाथ' या नोंदीत नवा पत्ता लिहिणे. एवढे करूनही काही प्रोग्राम जुना पत्ता विचारत राहतील. ते पुन्हा घालावे लागतील. (लिनक्सवर हेच काम एका ओळीच्या आज्ञेत होते. आमच्याकडे लिनक्स वापरणारी मुले हे फार ऐटीत सांगतात.)

जुना, वापरलेला लॅपटॉप घेतला असेल आणि त्यात परक्याचे नाव असेल, तर यातले काहीच करू नका. सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'त जाऊन संगणक 'रीसेट' करा आणि सर्व काही काढून टाकण्याचा पर्याय निवडा. त्या माणसाच्या घरचे फोटो त्यात राहिले असतील, ती त्याची अमानत आहे, उघडून बघायची नाही. विकतानाही आपण हेच करून द्यावे.

आणखी एका घराबद्दल लिहायचे आहे. तिथे फोल्डरवर अब्बांचे नाव आहे आणि अब्बा गेल्या वर्षी इंतकाल पावले. धाकट्या मुलीला कॉलेजसाठी तोच संगणक हवा. शेजारच्या कोणीतरी सुचवले, नाव बदलून टाक. अम्मी म्हणाल्या, राहू दे. आम्हाला दोघींचे पटले, आणि दोन्ही जमले. मुलीच्या नावाचे नवे खाते केले, अब्बांचे तसेच ठेवले. त्यातल्या हिशेबाच्या फायली, घराची कागदपत्रे आणि फोटो यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, आणि ती डिस्क अम्मींच्या कपाटात गेली.

अशा घरांनी एक काम मात्र लांबवू नये. पिन घरात कोणाला तरी माहीत असेल, पण खात्याचा पासवर्ड विसरला तर नवा घेण्यासाठीचा कोड मरहूम व्यक्तीच्या मोबाइलवर जातो. रिचार्ज थांबले की ते सिम काही काळाने बंद पडते. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. संगणकाने एखाद्या दिवशी ती मागितली आणि खाते उघडले नाही, तर आतले फोटो दुरुस्तीवालाही काढून देऊ शकत नाही. सिम चालू आहे तोवर त्या खात्यात जाऊन ती किल्ली कागदावर उतरवून घ्या आणि कागद घराच्या कागदपत्रांत ठेवा.