टोपी उलटी करा!

साहेबाच्या डोक्यावरची सोला हॅट जुन्या छायाचित्रांतून सगळ्यांनी पाहिलेली असते. ती भेंडाची. आपल्याकडे बाशिंगाला वापरतात तेच भेंड, दलदलीत उगवणाऱ्या वनस्पतीचा पांढरा, पिसासारखा हलका गाभा. पण भेंड पावसात फुगते, लिबलिबीत होते. म्हणून इंग्लंडात लष्करासाठी बनलेली हेल्मेटे बहुधा बुचाची असत. संग्राहकाची पारख इथूनच सुरू होते.

ब्रिटिश संग्राहकांचा जीव अडकलेला असतो तो 1870च्या दशकातल्या उंच, पांढऱ्या ‘फॉरेन सर्व्हिस’ हेल्मेटात. 1879च्या झुलू युद्धात ते पांढरे डोके म्हणजे शत्रूला आयते लक्ष्य. मग सैनिकांनी चहा, कॉफी, चिखल, हाताला लागेल ते फासून हेल्मेटे मळकट केली आणि पुढचा पितळी बिल्ला काढून ठेवला. तेव्हा ‘झुलूलँडहून आलेले’ म्हणून कोणी लख्ख पांढरे, चमकत्या बिल्ल्याचे हेल्मेट पुढे केले, तर जाणकार आधी विक्रेत्याकडेच निरखून बघतो. ज्या डागांबद्दल कवायतीच्या मैदानावर शिव्या बसल्या असत्या, त्यांचेच आज पैसे मोजले जातात!

1900च्या सुमारास रुंद काठाचे ‘वुल्झली’ हेल्मेट आले. दोन्ही महायुद्धांत ते वापरले गेले आणि रॉयल मरीन्सच्या समारंभी गणवेशात त्याचे पांढरे रूप अजून टिकून आहे. ही हेल्मेटे बाहेरून एकसारखी दिसतात, म्हणून ती उलटी करायची. आतल्या चामडी पट्टीवर कारागिराचा शिक्का, साल, माप आणि नशीब असेल तर सैनिकाचा क्रमांकही सापडतो. बाणाची खूण असली तर माल सरकारी. अधिकारी लोक लंडनच्या हॉक्ससारख्या दुकानातून स्वखर्चाने घेत, त्यांच्या हेल्मेटात हा बाण सहसा नसतो.

पण ही हेल्मेटे घालण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? तर उन्हातले अदृश्य किरण गोऱ्या माणसाचा मेंदू आणि कणा बिघडवतात, असा त्या काळी वैद्यकशास्त्राचाही समज होता. पाठीवर कापसाची गादी बांधून हिंडणारे महाभाग होते. अमेरिकन लष्कराने तर फिलिपिन्समध्ये सैनिकांना नारिंगी-तांबडी अंतर्वस्त्रे घालून पाहिली. फायदा शून्य, उकाडा मात्र वाढला. ब्रह्मदेशात पोलिस अधिकारी राहिलेल्या जॉर्ज ऑरवेलने 1944मध्ये ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकात या समजाची जाहीर खिल्ली उडवली, आणि युद्ध संपल्यावर ब्रिटिश लष्करातून रोजच्या वापराचे हेल्मेट गेले.

नकली माल सर्वाधिक कुठे? दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनानी रोमेल याच्या आफ्रिका कोअरच्या नावावर. त्या जर्मन हेल्मेटाच्या दोन्ही बाजूंना धातूची छोटी ढाल असते, आणि साध्या हेल्मेटावर तशा नव्या ढाली ठोकल्या की किंमत चढते. खुद्द त्या सैनिकांनी मात्र ते अवजड हेल्मेट टाकून कापडी टोपी पसंत केली होती. व्हिएतनामी हेल्मेटांची गंमत वेगळी. ती आजही बनतात, लोक रोज घालतातही, त्यामुळे कालपरवाचे हेल्मेट ‘युद्धातले’ म्हणून सहज खपते.

खरे हेल्मेट हाती लागले, तरी ते हनुवटीच्या पट्ट्याने खुंटीला टांगू नये. जुने चामडे तुटते. दमट हवेत कापडाला बुरशी धरते. आणि हौसेने धुऊन, पांढरा रंग चढवून ‘नवे’ केलेले हेल्मेट मुरलेला संग्राहक निम्म्या भावातही मागत नाही.