डायनॅमो गेला, असं म्हणण्याआधी

जुनी गाडी सांभाळणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: “बॅटरी उतरते, डायनॅमो गेला वाटतं.” मग नवी बॅटरी येते, तीही उतरते, आणि शेवटी गाडीचा मूळ डायनॅमो भंगारात जाऊन तिथे अल्टरनेटर बसतो. दोष नेमका कुठे आहे, हे काहीही बदलण्याआधी कसं ओळखायचं, एवढंच आज आपण बघणार आहोत. उदाहरण म्हणून मॉरिस मायनर १००० घेऊ.

या गाडीवर ल्युकासचा डायनॅमो असतो. त्याला दोन टोकं. ‘डी’ला जाड वायर, तिथून वीज बाहेर येते. ‘एफ’ला बारीक वायर, ती फील्ड कॉइलची. दोन्ही वायरी आरबी १०६ नावाच्या कंट्रोल बॉक्सला जातात. बॉक्समध्ये दोन कामं चालतात. रेग्युलेटर व्होल्टेज आवरून धरतो. कटआउट हा आपोआप चालणारा दरवाजा आहे: डायनॅमो साधारण १३ व्होल्टला पोचला की तो बॅटरीशी जोडतो, आणि खाली आला की तोडतो, नाहीतर बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होईल.

आता डॅशबोर्डवरचा लाल दिवा. त्याच्या एका बाजूला इग्निशनमधून आलेली बॅटरी, दुसऱ्या बाजूला ‘डी’. दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं झालं की दिवा विझतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर तो लागायलाच हवा. लागला नाही, तर बल्ब गेलाय, ‘डी’ची वायर तुटलीय, किंवा डायनॅमोचे कार्बन टेकत नाहीत, कारण दिव्याला अर्थिंग आर्मेचरमधूनच मिळतं. मंद इंजिनवर तो मिणमिणला तर घाबरू नका, डायनॅमो सावकाश फिरताना चार्जिंग करत नाही. इंजिन वाढवूनही दिवा तसाच राहिला, तर मात्र तपास सुरू करायचा.

पहिली पायरी, पट्टा. मधोमध अंगठ्याने दाबून साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. दुसरी, बॅटरी. इंजिन बंद करून काही तास ठेवलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. तिची टोकं आणि अर्थिंगची पट्टी घासून घ्या.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. डायनॅमोवरच्या दोन्ही वायरी काढा. डायनॅमोची ‘डी’ आणि ‘एफ’ ही टोकं एका छोट्या वायरने आपसात जोडा. मीटरची एक पिन तिथे, दुसरी डायनॅमोच्या बॉडीला. मूळ मायनरमध्ये बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं, त्यामुळे काट्याच्या मीटरची प्लस पिन बॉडीला लावा. इंजिन हळूहळू वाढवा, १००० आरपीएमच्या वर नको. आकडा सरसर चढला पाहिजे. २० व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नका, लगेच कमी करा.

आता आकडा काय सांगतो बघा. काहीच नाही, तर कार्बन आणि त्यांच्या स्प्रिंगा तपासा. अर्धा ते एक व्होल्ट, तर संशय फील्ड कॉइलवर. चार-पाच व्होल्टवर अडकला, तर आर्मेचरवर. नीट चढला, तर डायनॅमो निर्दोष, त्याला हात लावू नका.

मग वायरी परत लावून बॉक्सकडे चला. आमच्याकडे आलेल्या एका मायनरचा दिवा सतत लागलेला असायचा. दोन बॅटऱ्या बदलून झालेल्या, डायनॅमो काढायचं ठरलेलं. ही चाचणी केली, डायनॅमो ठणठणीत! ‘एफ’ची वायर इंजिनाजवळ वळते तिथे आतून तुटली होती, वरचं आवरण शाबूत. हातभर वायरीत काम झालं.

बॉक्समध्ये आधी ‘ई’, म्हणजे अर्थिंगचा स्क्रू बघा. ते अर्थिंग सुटलं, तर रेग्युलेटरला व्होल्टेज कळतच नाही आणि डायनॅमो मोकाट सुटतो. मग ‘ए’ आणि ‘ए १’च्या वायरी काढून आपसात जोडा, मीटर ‘डी’ आणि ‘ई’मध्ये लावा. उघडी टोकं बॉडीला टेकू देऊ नका. इंजिन हळू वाढवल्यावर काटा साधारण १६ व्होल्टला स्थिरावला पाहिजे. उन्हाळ्यात थोडा खाली. नाही स्थिरावला, तर आधी पॉइंट साफ करा. स्क्रू पिळायचा तो सगळ्यात शेवटी.

एक धोका लक्षात ठेवा. कटआउटचे पॉइंट चिकटले, तर गाडी बंद केल्यावरही बॅटरीचा करंट डायनॅमोत जात राहतो, आणि या जाड वायरीत फ्यूज नाही. बंद गाडीचा डायनॅमो किंवा बॉक्स तापलेला लागला, जळका वास आला, तर विचार करत बसू नका. आधी बॅटरीचं टोक काढा.

तेव्हा मंडळी, आधी मीटर लावा, मग पाना हातात घ्या. मूळ डायनॅमो एकदा भंगारात गेला की तोच परत मिळत नाही.