पोटाचा पदर

लॅटिनमध्ये 'पॅनस' म्हणजे कापड. त्यावरूनच पोटाखाली लोंबणाऱ्या कातडी-चरबीच्या घडीला 'पॅनिक्युलस' आणि ती काढण्याच्या शस्त्रक्रियेला 'पॅनिक्युलेक्टमी' हे शब्द आले. मी डॉक्टर नाही, शब्दांच्या मागे लागून या विषयात शिरलो. मला तरी त्या घडीला पदरच म्हणावंसं वाटतं.

खूप वजन उतरलं की चरबी जाते, कातडी उरते. वर्षानुवर्षं ताणलेल्या त्वचेतले लवचीक धागे तुटलेले असतात. व्यायामाने स्नायू घट्ट होतात, कातडी आत जात नाही. "चालत जा, होईल सपाट," हा सल्ला म्हणूनच निरर्थक.

घडीच्या आत वारा लागत नाही. घाम साचतो, कातडीवर कातडी घासते, बुरशी धरते, भेगा पडतात. मलमाने बरं वाटतं आणि उन्हाळा लागला की पुन्हा तेच. माझ्या नात्यातल्या एका बाईंनी पन्नासेक किलो वजन घटवलं. त्या रात्री घडीत जुन्या सुती लुगड्याचं फडकं घालून निजत. काहींचा पदर मांड्यांवर, क्वचित गुडघ्यांपर्यंत येतो. मग चालणं, वाकणं, अंघोळ, सगळंच कठीण. तो काढला की ओल जाते आणि शरीर हलतं होतं.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते. 'टमी टक' वेगळं: त्यात सैलावलेले स्नायूही शिवून घट्ट करतात. पॅनिक्युलेक्टमीत फक्त लोंबणारा भाग जातो. वजन कमी करण्याचा हा उपाय मुळीच नव्हे; उलट वजन निदान सहा महिने स्थिर हवं, तंबाखू-सिगारेट बंद हवी. जखमेत पाणी साचणं, ती उशिरा भरणं, पायात रक्ताची गुठळी हे धोके आहेतच, आणि व्रण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत.

आपल्याकडे खरी अडचण विम्याची. २०१९ मध्ये विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाणित शब्दांनुसार रूप बदलणारी शस्त्रक्रिया वगळली जाते. मात्र प्रकृतीला थेट, तातडीचा धोका असून उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, तर वाट उघडी राहते. म्हणजे प्रत्येक चट्ट्याची, प्रत्येक मलमाची तारीखवार नोंद हवी. त्या बाईंचा दावा फेटाळला गेला. घरच्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून मलमांच्या चिठ्ठ्या त्यांनी दर वेळी फाडून टाकल्या होत्या.